कंबरेचं दुखणं

गोदामाची भिंत छातीएवढी झाली, परांची बांधावी लागली, आणि तेव्हापासून ओळंब्याचे हाल सुरू झाले.

जमिनीवर उभं राहून विटा लावायच्या होत्या तोवर कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. थापी ठेवायची, सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीमागे जाऊन यायचं, पुन्हा कामाला लागायचं. परांचीवर चढल्यावर मात्र दर वेळी फळ्यांवरून सरकत शिडी गाठायची, पायऱ्या उतरायच्या आणि खडीच्या ढिगाला वळसा घालून मागच्या झुडपांपर्यंत जायचं. घाई अशी की पायरीवर पाय ठरू नये. आणि तिथे पोचल्यावर नुसतं उभं राहायचं. धार सुटायला तयार नाही. सुटली तरी तुटक, नळाचं पाणी जायच्या वेळी येतं तशी. वर येऊन दोन थर लावावेत तोवर पुन्हा तेच.

त्याला सगळे ओळंबाच म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधलेला लोखंडी लट्टू सोडतात, त्याचं ते नाव. पासष्टीतही त्याची भिंत केसभर कलत नसे. लोकांनी नाव कौतुकाने ठेवलं होतं, पण त्यात थोडी टोचणीही होती. दुसऱ्याची भिंत कललेली दिसली की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय याला राहवत नसे.

मागच्या हंगामात गावाचं धान्य उघड्यावर भिजून काळं पडलं होतं. यंदा पीक बरं होतं, कापणी दोन महिन्यांवर आली होती, आणि त्याआधी गोदामावर पत्रे चढलेच पाहिजेत असं ठरलं होतं. मुकादमाला वरून रोज विचारणा होई आणि तो ती खाली सगळ्यांना वाटून टाकी. ओळंब्याचा वाटा त्याने पहिल्यांदा हसत दिला.

"मिस्त्री, भिंत बांधायला येता की झाडांना पाणी घालायला?"

परांचीवरचे सगळे हसले. ओळंबाही हसला. खाली त्याची बायको सिमेंट-वाळूचा माल कालवत होती. पस्तीस वर्षं तिने त्याच्या हाताखाली माल कालवला होता. ती हसली नाही. फावडं थांबवून तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कालवायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ओळंब्याने पाणी पिणं सोडलं. डोक्यावर ऊन, विटांची धग, तरी तांब्या आला की तोंडाला लावल्यासारखं करायचा आणि उरलेलं विटांवर ओतायचा. त्याने फेऱ्या कमी झाल्या नाहीत. उलट आग व्हायला लागली. घरात तो खाटेच्या कडेला झोपू लागला, म्हणजे उठताना बायकोला कळू नये. तिला कळत होतं. तो उठला की ती डोळे मिटून घ्यायची, एवढंच.

आठव्या दिवशी व्हायचं ते झालं.

तो कोपरा बांधत होता. कोपरा बांधणं म्हणजे साऱ्या भिंतीची मान धरणं, मध्येच सोडता येत नाही. त्याने धीर धरला. दोन विटा राहिल्या असताना धीर संपला. थापी टाकून तो वळला तर शिडीवरून दोन बाया डोक्यावर भरलेली घमेली घेऊन चढत होत्या. त्या वर आल्याशिवाय याला उतरायला वाट नव्हती. "जरा बाजूला," तो म्हणाला, पण बाजू होतीच कुठे? तो बांबूला धरून उभा राहिला, दात आवळले, पोटऱ्या आवळल्या. आणि मग मांडीवरून गरम काहीतरी खाली उतरायला लागलं. लेंगा गुडघ्यापर्यंत काळपट झाला. पहिली बाई शेवटच्या पायरीवर आली होती. तिची नजर याच्या पायांच्या बरोबर समोर होती.

शेजारी विटांवर शिंपडायच्या पाण्याची बादली होती. ओळंब्याने ती पायाने ढकलल्यासारखी केली, मग हातानेच उचलून अंगावर पालथी केली आणि "तोल गेला, तोल गेला" असं म्हणत खाली बसला. पाणी फळ्यांतून गळून खालच्यांच्या डोक्यावर पडलं. आरडाओरडा झाला, हशा झाला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला उकडत होतं. ओळंबा ओलाचिंब बसून सगळ्यांबरोबर हसत होता.

समोरच्या भिंतीवर त्याचा धाकटा भाऊ होता. तो हसला नाही. हातातली वीट तशीच धरून त्याने इकडे पाहिलं, आणि मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. त्या हसणाऱ्या वीस जणांपेक्षा ती एक पाठ ओळंब्याला जास्त लागली.

तिघे भाऊ होते, तिघेही गवंडी. थोरला नऊ वर्षांपूर्वी गेला. धाकट्याशी सात वर्षं बोलणं नव्हतं. दोघांच्या घरांमध्ये वीतभर जागेचा वाद झाला होता आणि धाकट्याने तिथे भिंत घातली होती. गावातली चार शहाणी माणसं निवाड्याला जमली तेव्हा ओळंब्याने जागेचा विषयच काढला नाही. त्याने खिशातून ओळंबा काढला, भावाच्या भिंतीवरून सोडला आणि म्हणाला, "जागा राहू द्या. आधी ही भिंत बघा. बोटभर बाहेर आहे. असल्या गवंड्याशी कसला वाद घालायचा?" जमलेले लोक मोठ्याने हसले होते. धाकट्याने एकेक वीट काढून ती भिंत मागे घेतली. वीतभर जागा सुटली, आणि त्याबरोबर भाऊही सुटला. थोरल्याच्या मागे राहिलेली वहिनी धाकट्याकडे राहायला गेली.

बादलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने ओळंब्याला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला, म्हणूनच तो जास्त बोचला. वय झालं की माणसाने जमिनीवर राहावं, म्हणाला. पडलाबिडलात तर माझ्या मानेवर येईल. तुम्ही खाली हौदाशी बसा, विटा भिजवा. कोपरा धाकटे मिस्त्री पुरा करतील.

विटा भिजवायचं काम पहिल्या वर्षाच्या बिगाऱ्याला देतात. ओळंबा हौदाच्या काठावर बसला. कोरडी वीट पाण्यात सोडली की ती फसफसते, बुडबुडे येतात, मग गप्प होते. गप्प झालेली काढून थप्पी लावायची. त्याने भिजवलेल्या विटा घमेल्यातून वर जात होत्या आणि त्याच्या कोपऱ्यावर धाकटा त्या बसवत होता. ओळंब्याने मान वर करून पाहिलं नाही. पण कान वरच होते. थापीच्या दांड्याने वीट ठोकली जाई तेव्हा कोणती नीट बसली आणि कोणती नाही, हे त्याला आवाजावरून कळत होतं. धाकट्याच्या सगळ्या नीट बसत होत्या.

घरी बायकोने एवढंच सांगितलं, उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन या. तो नको म्हणाला नाही. हौदाशी बसण्यापेक्षा ते बरं होतं.

तो एकटाच गेला. नाव लिहायच्या खिडकीपुढे रांग होती, त्यात बायाबापड्या, लेकुरवाळ्या, त्याच्या बांधकामावरच्या एका बाईची सासूसुद्धा. खिडकीतला माणूस मान वर न करता प्रत्येकाला मोठ्याने विचारत होता, काय होतंय. लोक सांगत होते. ताप. खोकला. पायाला गळू. ओळंब्याची पाळी आली.

"काय होतंय?"

"कंबर दुखते," ओळंबा म्हणाला.

तोंडातून शब्द कसा गेला ते त्यालाही कळलं नाही. कुणीतरी घडवून ठेवल्यासारखा तो जिभेवर तयारच होता. माणसाने चिठ्ठीवर एक आकडा टाकला, हाडांच्या डॉक्टरकडे बोट दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला वाकायला लावलं, पाय उचलायला लावले, उभ्या जन्माचं ओझं आहे म्हणाले आणि गोळ्या आणि चोळायचं मलम दिलं. ते मलम घेऊन तो घरी आला.

चार दिवस बायकोने त्याच्या कंबरेला मलम चोळलं. तो पालथा पडून राही. तिच्या हाताला माल कालवून घट्टे पडले होते, ते पाठीवर खरखरीत लागत आणि तरी बरं वाटे. याचीच जास्त लाज वाटे. पाचव्या दिवशी तिने विचारलं, इथे दुखतं का? तो हो म्हणाला. आणि इथे? हो. तिचा हात थांबला.

"काल इथे दुखत नव्हतं," ती म्हणाली.

तिने मलमाचं झाकण लावलं, हात धुतले आणि त्याच्या समोर येऊन बसली. ती रागावली नव्हती. दमली होती.

"त्या दिवशी बादली तुम्ही उलटी केलीत. मी खालून बघत होते. तिला पाय लागला नव्हता." मग ती म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर ताकाला जायचंच कशाला?"

पुढच्या बुधवारी ती त्याच्याबरोबर निघाली. लघवीच्या आजाराचे मोठे डॉक्टर आठवड्यातून त्याच दिवशी येतात, हे तिने परस्पर विचारून ठेवलं होतं. खिडकीशी आली तेव्हा तिने त्याला मागे सारलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांना लघवीचा त्रास आहे. सारखी लागते आणि साफ होत नाही." ओळंबा जमिनीकडे बघत होता. फरशीचे सांधे वाकडे होते. रांगेतल्या कुणी काही म्हटलं नाही. मागच्या बाईचं पोर रडत होतं, तिला त्याचंच पडलं होतं. पण ओळंब्याचे कान चहाच्या भांड्याच्या कडेसारखे तापले होते.

डॉक्टर त्याच्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी सारं विचारलं, किती वेळा, किती दिवस, रक्त दिसतं का, जळजळ होते का. ओळंब्याची उत्तरं बायको देत होती. मग त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, पडदा ओढला, आणि बोटाने आतून तपासावं लागेल असं सांगितलं. मागच्या बाजूने.

ओळंब्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पासष्ट वर्षांत त्याच्या अंगाला असा कुणी हात लावला नव्हता. डॉक्टर हातमोजा चढवत होते, तो ताणल्याचा आवाज आला. भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, अंग सैल सोडा. त्याने नाडी सोडली. समोर भिंत होती. गिलावा कुणीतरी घाईत केलेला होता, रंधा फिरवल्याच्या रेघा तशाच राहिल्या होत्या. तो एकेक रेघ बघत राहिला. डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेलं. ते दुखण्याचं नव्हतं. दुखलं फारसं नाहीच, आणि दोन मिनिटांच्या आत सगळं उरकलंही.

कपडे सावरून तो बसला तेव्हा डॉक्टरांनी बायकोलाही आत बोलावलं. पुरुषाला मूत्राशयाच्या खाली एक ग्रंथी असते, त्यांनी सांगितलं, प्रोस्टेट म्हणतात. वयपरत्वे ती वाढते, बहुतेकांची वाढते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तुमचा त्रास बहुधा त्या वाढीचाच आहे आणि त्याला आजपासून गोळ्या देतो. पण ग्रंथी एका बाजूला हाताला कडक लागते. तेवढ्यासाठी रक्त तपासू, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून बघू.

गरज पडली. रक्तातला आकडा जास्त आला. दोन बुधवार त्यात गेले, तिसऱ्या बुधवारी फोटो काढून झाले, आणि चौथ्या बुधवारी डॉक्टरांनी कागद पुढे ठेवून सांगितलं, कॅन्सर आहे.

बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं.

"पण ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "हे फार महत्त्वाचं आहे. या रोगात सुरुवातीला काहीच होत नाही. माणसाला त्रास व्हायला लागतो तेव्हा तो बऱ्याचदा हाडांत पोचलेला असतो. मग पाठ दुखते, कंबर दुखते, आणि लोक तेल चोळत बसतात. तुम्हाला दुसऱ्याच त्रासाने इथे आणलं, तुमचं नशीब. ऑपरेशन करता येईल." मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होता का? वडील, भाऊ?"

"नाही," बायको म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

"थोरल्या भावाला होता," ओळंबा म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला काय, घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी एका विहिरीचं बांधकाम करताना थोरला त्याला म्हणाला होता, लघवीतून रक्त जातंय रे, कुणाला बोलू नकोस. ओळंबा हसून म्हणाला होता, उष्णता आहे, पाणी पी. पुढे थोरल्याची कंबर धरली. वर्ष तेलपाण्यात गेलं. शेवटी ओळंबाच त्याला शहरात घेऊन गेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हाच शब्द सांगितला होता आणि आता उशीर झाला असंही सांगितलं होतं. परतताना थोरल्याने त्याचा हात घट्ट धरून वचन घेतलं. असल्या जागेचा रोग आहे, लोक काय म्हणतील? कंबरेचं दुखणं म्हणून सांग. आणि ओळंब्याने ते पाळलं. मातीला आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं, कंबरेने गेला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. दोष दिला नाही. एवढंच विचारलं की आणखी भाऊ आहे का, किती वर्षांचा. धाकटा, अठ्ठावन्न वर्षांचा. मग त्याने तपासून घ्यायला हवं, ते म्हणाले. दोन भावांना झालाय, त्याला धोका जास्त. काही त्रास नसला तरी. त्रास नसतानाच. आणि तुमच्या मुलाला सांगा, पंचेचाळिशी आली की त्यानेही येऊन रक्त तपासायचं.

बसथांब्यावर बायको त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. एकदा बसली, पुन्हा उठली. मग म्हणाली, वहिनी वर्षभर त्यांची कंबर चोळत होत्या. त्याच्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याकडून चोळून घेतलीत." घर आल्यावर चूल पेटवण्याआधी म्हणाली, उद्या धाकट्या भाऊजींना सांगून या.

रोग झाला हे सांगणं एक. तो कुठे झाला हे सांगणं दुसरं. थोरला कशाने गेला हे नऊ वर्षं लपवलं, हे सांगणं तिसरं. आणि हे सगळं ज्याची भिंत आपण चारचौघांत बोटभर बाहेर काढली, त्याला सांगायचं. रात्रभर ओळंबा या चार गोष्टी एकमेकींवर रचत होता. एकीवर दुसरी बसत नव्हती.

दुपारच्या सुट्टीत तो गोदामावर गेला. भिंती पुऱ्या झाल्या होत्या, वर पत्र्यांसाठी लोखंडी कैच्या चढत होत्या. धाकटा भिंतीच्या सावलीत डबा सोडून बसला होता. ओळंबा जवळ गेला, उभा राहिला. धाकट्याने मान वर केली नाही. याने बसायचं ठरवलं, बसला नाही. उभ्यानेच सांगायला लागला. सुरुवात कुठून करावी ते कळेना म्हणून शेवटापासून केली, की तुला दवाखान्यात जायला हवं. मग मागेमागे जात आपल्या रोगापर्यंत आला, मग थोरल्यापर्यंत. धाकट्याचा घास हातात तसाच राहिला.

ओळंबा बोलायचा थांबला तेव्हा धाकट्याने डब्याचं झाकण लावलं.

"सात वर्षं बोलला नाहीस," तो म्हणाला. "आज आलास तो माझ्यात रोग शोधायला."

"तसं नाही."

"मला काही होत नाही. खडखडीत आहे मी. वाटल्यास ओळंबा लावून बघ." तो उठला. दोन पावलं जाऊन वळला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "दादा कशाने गेला ते मला नऊ वर्षांनी सांगतोस? मी कोण होतो त्याचा?"

आणि तो शिडी चढून वर गेला. आसपास जेवणारे सगळे आपापल्या डब्यांत बघत होते. मुकादमाने तर ऐकू आलं नाही असं दाखवायला बिडी पेटवली आणि ती उलट्या टोकाने पेटवली. ओळंबा सगळ्यांच्या मधून चालत निघाला. मागे कुणी हसलं नाही. हसले असते तर चालणं सोपं गेलं असतं.

तो घरी गेला नाही. पाय धाकट्याच्या दाराशी थांबले. दोन घरांमधली ती वीतभर जागा तशीच रिकामी होती, तिच्यात गवत माजलं होतं. वहिनी ओट्यावर धान्य निवडत होती. सात वर्षांत त्याने तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. केस पार पांढरे झाले होते. त्याला बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि बसायला जागा केली.

याही वेळी तो बसला नाही. ज्या गोष्टीसाठी आलो ती उभ्यानेच सांगावी असं त्याला वाटलं. पण पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "वहिनी, दादा कंबरेने गेला नाही," आणि तो तिथेच अडला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग हातातले खडे एकेक करून खाली टाकत म्हणाली, "कपडे मी धूत होते, भाऊजी."

त्याला आधी समजलं नाही.

"रक्त दिसायचं," ती म्हणाली. "कधी थोडं, कधी जास्त. विचारायची हिंमत झाली नाही. नवऱ्याला असलं कसं विचारणार? वाटलं, आपण विचारलं तर त्यांना लाज वाटेल. ते सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. थंड पाण्याने डाग काढायचे आणि कंबर चोळायची." बोलताना तिचे हात आपोआप चोळल्यासारखे हलत होते. "तुम्हालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्यांना तर होतंच. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. आणि माणूस गेला."

ओळंबा तिथे ओट्याच्या कडेला बसला. आपण एकट्यानेच नऊ वर्षं हे ओझं वाहिलं असं त्याला वाटत होतं. तिने ते रोज धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. त्याने चेहरा ओंजळीत घेतला. वहिनीने पाठीवर हात ठेवला नाही, ती पुन्हा धान्य निवडायला लागली. सूप निवडून झाल्यावर तिने विचारलं, तुम्हाला कितपत आहे. त्याने सांगितलं, आत आहे, बाहेर गेला नाही, ऑपरेशन होईल. आणि धाकट्याचंही सांगितलं.

"मी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली.

तिने काय सांगितलं, कसं सांगितलं, ते ओळंब्याला कधी कळलं नाही. शेजारच्या घरात संध्याकाळी मोठा आवाज झाला, मग एकदम शांत झालं.

बुधवारी सकाळी ओळंबा बायकोबरोबर बसमध्ये बसला. ऑपरेशनचा दिवस ठरवायचा होता. गाडी सुटता सुटता मागच्या दाराने धाकटा चढला. जागा भरपूर होती. तो दोन बाकं मागे उभा राहिला, मग पुढे आला. ओळंब्याची बायको उठली आणि पलीकडच्या बाईजवळ जाऊन बसली. धाकटा तिच्या जागेवर टेकला.

पुढे ओळंब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर कितीतरी महिने लघवी नकळत गळायची म्हणून कपड्यात फडक्याची घडी घालून वावरावं लागलं, आणि त्याचीही लाज वाटायची ती वाटलीच. धाकट्याच्या रक्तात काही निघालं नाही. दर वर्षी येऊन जा, म्हणाले. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी दोघांनाही काही माहीत नव्हतं. दोघेही समोरच्या बाकाच्या दांडीला धरून बसले होते. दोघांच्याही बोटांच्या पेरांत तसंच सिमेंट मुरलेलं होतं.

बरंच अंतर गेल्यावर धाकट्याने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "अण्णा, तिथे काय काय करतात?"

सात वर्षांनी त्याने अण्णा म्हटलं होतं. ओळंब्याने घसा साफ केला. आधी रक्त घेतात, तो म्हणाला. हाताला सुई, बाकी काही नाही. आणि मग? मग तपासतात. कसं? ओळंब्याने आजूबाजूला पाहिलं. मान खाली घालून, आवाज अगदी पुटपुटण्याएवढा करून त्याने सांगितलं. पडद्याचं सांगितलं, कुशीवर झोपायचं सांगितलं, हातमोज्याचं सांगितलं. गाडी खडखडत होती. धाकट्याला ऐकू येईना. काय म्हणालास? ओळंब्याने पुन्हा सांगितलं. अजून ऐकू येईना. शेवटी त्याला मोठ्याने सांगावं लागलं, सगळं, पहिल्यापासून, लघवीपासून बोटापर्यंत. बोलताना मान, कान, कानशिलं तापली. पण मध्ये सोडता येण्यासारखं ते राहिलं नव्हतं. दुखतं का, धाकट्याने विचारलं. दुखत नाही, ओळंबा म्हणाला. लाज वाटते, फार वाटते. दोन मिनिटं लागतात.

"मला काही होत नसताना?" धाकटा म्हणाला.

"तुला काही होत नसतानाच."

पुढच्या बाकावर त्यांच्याच वयाचा एक माणूस होता. मांडीवर रिकामी पिशवी, कडक धुतलेला सदरा, बाजाराला निघालेला दिसत होता. कधीपासून त्याची मान ताठ होती, कुणी मागे बोलत असलं आणि ऐकायचं असलं की असते तशी. दोघा भावांच्या एकदमच ते लक्षात आलं आणि दोघेही गप्प झाले. तो माणूस थोडा वळला. पूर्ण वळला नाही, डोळे मिळणार नाहीत एवढाच वळला.

"ते डॉक्टर," त्याने विचारलं, "रोज बसतात?"

ओळंब्याच्या आधी धाकटाच म्हणाला, "बुधवारी. आज आहेत."

माणसाने मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागला. बाजाराचा थांबा आला. कंडक्टरने दोनदा नाव पुकारलं. बायका टोपल्या घेऊन उतरल्या, दार लागलं, गाडी हलली. तो जागचा उठला नाही. कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला तेव्हा त्याने हातातलं तिकीट दाखवलं आणि हळू आवाजात, कुणाकडेही न बघता, पुढचं तिकीट मागितलं.